सत्त्याऐंशी नंबरचा सडा

चहा येईपर्यंत एक सांगतो. हसायचं नाही. म्हणजे हसा, पण चहा तोंडात असताना नको. मागच्या खेपेला हे सांगितलं तेव्हा एकानं माझ्या पांढऱ्या शर्टावर गुळणी सोडलेली, त्याचा डाग अजून गेलेला नाही.

तर मी एकदा शहाणपणा केला. आमच्या खानदानात एवढा शहाणपणा कुणी केला नसेल. त्याचं काय झालं ते ऐका.

माझं झेरॉक्सचं दुकान तुम्हाला ठाऊकच आहे, सरकारी कचेऱ्यांच्या समोरचं. मोबाईल नुकते लोकांच्या शर्टाच्या खिशात दिसायला लागलेले, तेव्हाची गोष्ट. मशीन घेऊन मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. गावाकडं, आजऱ्याच्या पुढं, माझ्या वाटणीला सडा आलता. सडा म्हणजे काय, डोंगरावरचं उघडं पठार. कुसळं आणि तांबडा दगड. तो विकला आणि मशीन घेतलं. दगड देऊन मशीन! मी माझ्याच पाठीवर किती वेळा थाप मारून घेतली असेल, विचारू नका.

आणि मला एक खोड आहे. जो कागद मशीनवर येतो तो मी वाचतो. वाचल्याशिवाय माझ्याच्यानं बटणच दाबवत नाही! सातबारे, नोटिसा, जामिनाचे अर्ज, सगळं वाचून वाचून मला वाटायला लागलं होतं की आपण अर्धे वकील झालो. खरं तर पाव पण नव्हतो.

आता अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली. आमच्याकडं सीमेजवळ कानडी वळण आहे, म्हणून ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तिला सासरी जमीन होती, पण ती पण सड्यावरची. खाली ओढ्याकाठी भाताचं एक झकास शेत होतं, ते दाजींच्या चुलतभावाकडं, इराण्णाकडं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तुम्ही खाल्लाय न्हवं? एका घरात शिजला की गल्लीला कळतं! तर दर दिवाळीला इराण्णाच्या घरात घनसाळ शिजायचा आणि वास अक्काच्या घरात यायचा. लग्न होऊन आल्यापासून ती एकच म्हणायची, "तम्मा, एकदा तरी माझ्या हातानं लावलेला घनसाळ माझ्या चुलीवर शिजवीन."

आणि मग एके दिवशी, इतकी वर्षं नाही म्हणणारा इराण्णा स्वतःहून अदलाबदलीला तयार झाला. तुमचा सडा मला द्या, माझं शेत तुम्ही घ्या. का, तर त्याला सड्यावर काजू लावायचे होते. शेजारचा माझा सडा पण त्यानंच विकत घेतलेला, आता दाजींचा मिळाला की सलग पट्टा होणार. अक्काला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मंगळवारी आजऱ्याला दस्त करायचा ठरला आणि साक्षीला मी.

झालं काय, सोमवारी दुपारी दुकानात एक चष्मेवाला पोरगा आला. भूगर्भ का काय शिकणारा. हातात जुना, पिवळा पडलेला सरकारी अहवाल. जिल्ह्यात कुठं कुठं कुठलं खनिज सापडतंय, त्याची पाहणी. टाईप केलेला, मागं नकाशे. मी सवयीनं वाचायला लागलो आणि आमच्या गावाचं नाव दिसलं! पुढं लिहिलेलं: सडा, स. नं. ८७, बॉक्साइटचा चांगला थर.

माझं बोट बटणावरच राहिलं. सत्त्याऐंशी! दाजींच्या सातबाऱ्यावर गट नंबर सत्त्याऐंशी! मीच तर दस्तासाठी त्याच्या प्रती काढून दिल्या होत्या!

"काका, कागद जळंल की," पोरगा म्हणाला.

"बाळ, हे तुला कुठं मिळालं?" मी विचारलं.

"समोरच्याच ऑफिसात. कुणालाही बघायला देतात."

मी गुपचूप आमच्या गावाच्या नकाशाची एक प्रत जास्तीची काढली. पोरगा गेला तसं शटर खाली घेतलं आणि समोरच्या कचेरीत घुसलो. घुसलो म्हणजे कसा? चोरासारखा! तोंडाला रुमाल, नाव खोटं सांगितलं.

तिथल्या भाऊसाहेबांनी मान पण वर केली नाही. "खनिज पाहणीचा अहवाल व्हय? घ्या की, त्या कपाटात. फॅनखाली बसून बघा, तिकडं उकडतंय."

"कुणाला सांगणार न्हाय न्हवं, मी आलतो म्हून?"

आता त्यांनी मान वर केली. "पावणं, हे पब्लिकलाच हाय. कुणी येतच न्हाय बघायला. आणि जुनं हाय हां ते. बघताना जरा..."

"जमीन काय जुनी होतीया व्हय?" मी त्यांचं बोलणं मधेच तोडलं. बघा, देव माणसाला वाचवायला माणूस पाठवतो आणि आपण त्याला गप्प करतो.

अहवाल तोच, नंबर तोच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काजू? कसले काजू! इराण्णाला ह्याचा पत्ता लागलाय! खाणीची कंपनी आली की इराण्णा गाडी उडवणार आणि माझी अक्का भात लावत बसणार. आधी माझा सडा घेतला, आता दाजींचा. बेरकी माणूस!

दाजींना सावध करायला पाहिजे होतं. फोन करायचा, पण गावात फोन एकच, आणि तो कुठं? इराण्णाच्या किराणा दुकानात! मी तरी लावला. म्हटलं, त्याची बायको उचलेल. मी नुसतं हॅलो म्हटलं, तर आवाज ओळखून...

"बोला पावणं!" इराण्णाच! "काय निरोप?"

आता काय बोलायचं? तोंडाला फेस आला. म्हटलं, "इराण्णा, दाजींना सांगा... तब्येतीला जपा म्हणावं. मी उद्या येईपर्यंत कुठं जाऊ नका, काय करू नका म्हणावं."

"का वो? काय झालंय त्यांस्नी?"

"काय न्हाय, काय न्हाय. आपलं... लक्ष ठेवा." आणि फोन ठेवून दिला.

लक्ष ठेवा! कुणाला सांगितलं, तर इराण्णाला! त्याचं फळ दुसऱ्या दिवशी मिळालं.

मंगळवारी पहिल्या एस्टीनं निघालो. नकाशाची घडी बनियनच्या आत, पोटाला चिकटवून. शेजारी बसलेल्या माणसानं कुठं निघालासा म्हणून विचारलं तर मी म्हटलं "कुठंच न्हाय." घाटात गाडी वळली की घडी घामानं अजून चिकटायची. सारखा हात पोटावर. शेवटी त्या बिचाऱ्यानं मला ओव्याची पुडी काढून दिली.

आजऱ्याला दस्ताच्या कचेरीत पोचलो तर बाकावर दाजी आणि त्यांना अगदी खेटून इराण्णा. अक्का पलीकडं, नव्या लुगड्यात, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मला बघून तिचा चेहरा असा फुलला! त्या क्षणी मला वाटलं होतं, गप सही करावी आणि जावं. वाटलं होतं तसं केलं असतं तर आज तुम्हाला हे सांगायची पाळी आली नसती.

"दाजी, जरा बाजूला येता?"

"कशाला?" इराण्णानं दाजींचं मनगट धरलं. "त्यांस्नी बरं न्हाय. काल तुम्हीच सांगिटलासा की, लक्ष ठेवा म्हून. रातभर मी त्यांच्या बाहेरच्या सोप्यात झोपलोय!"

दाजी वैतागलेले. "अरं, मला काय झालंय ते मला तरी सांगा! काल सांजच्यापास्नं ह्यो माझ्या मागं मागं. सकाळी लोटा घेऊन गेलो तर तितं पण मागं!"

मी डोळ्यांनी खूण केली. दाजींनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "डोळं आल्यात व्हय रं तुझं?"

मग म्हटलं, मुतारी. तिथं तरी माणूस एकटा जातो की नाही? "दाजी, चला, मोकळं होऊन येऊ." तर इराण्णा पण उठला! आम्ही तिघं ओळीनं भिंतीकडं तोंड करून उभे, दाजी मधे. मी डावीकडनं खोकतोय, इराण्णा उजवीकडनं विचारतोय, "होतंय न्हवं नीट? जळजळ न्हाय न्हवं?" दाजींना त्या टेन्शनमधे काही झालंच नाही. तसेच परत आलो.

राहिली अक्का. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि हळूच म्हटलं, "अक्का, आज दस्त हुईत न्हाय असं काय तरी कर."

तिनं पेढ्यांचा पुडा घट्ट धरला. "का रं?"

"आत्ता सांगता येत न्हाय. तुझ्या भल्याचं हाय."

"माझ्या भल्याचं?" तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "तम्मा, तुझं दाजी किती वेळा त्या इराण्णाच्या पाया पडल्यात तुला म्हाईत हाय? आज कुठं जमलंय. आणि तू पाठचा भाऊ हून मोडता घालाय आलास? तुला बघवत न्हाय व्हय?"

पण मनात म्हटलं, रड बाई आज. उद्या बंगल्यात बसून भावाची आरती ओवाळशील.

तेवढ्यात आतनं पुकारा झाला. दाजींचं नाव, इराण्णाचं नाव. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. मी डोळे मिटले, देवा, लाईट घालव. आजवर ज्या लाईटला शिव्या घातल्या ती जाऊ दे! आणि काय आश्चर्य, गेली! पंखा थांबला, कॉम्प्युटर टीं टीं करायला लागला. मी आनंदानं टाळीच वाजवली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बॅटरीवर चालतंय," साहेब आतनं म्हणाले. "या पुढं."

दाजींचा फोटो झाला. अंगठा झाला. इराण्णाचा फोटो झाला, त्यानं मिशी पुसून घेतली. साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "साक्षीदार, सही करा."

पेन हातात. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अक्का दारातनं बघतेय, तोंडावर पदर.

"माझी हरकत हाय!" मी ओरडलो.

"साक्षीदाराची कसली हरकत?" साहेबांनी चष्मा काढला.

"आज... आज अमावास्या हाय."

सगळ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. एकादशी होती.

"पावणं," इराण्णा उठला, "तुमचं कालपास्नं कायतरी बिनसलंय. फोनवर एक बोलतासा, हितं एक करतासा. बरं न्हाय ते तुम्हास्नीच दिसतंय!"

झालं! माझा बांध फुटला. मी शर्टाची बटणं काढली. साहेब खुर्चीतनं अर्धे उठले, त्यांना वाटलं हा आता कपडे उतरवतोय! बनियनमधनं ती ओली घडी सोडवली, पोटाचे दोन केस तिच्याबरोबर आले, आणि टेबलावर आपटली.

"हे बघा! सरकारी नकाशा! दाजींच्या सड्याखाली बॉक्साइट हाय! सत्त्याऐंशी नंबर! आणि ह्यो इराण्णा काजूच्या नावाखाली तुम्हास्नी फसवाय लागलाय!"

बाहेरच्या वडाखालचे लोक पण खिडकीला आले. दाजी तोंड उघडं टाकून बसलेले. आणि इराण्णा? त्याचा चेहरा तांबडा लाल.

"मी फसवतोय? भरल्या कचेरीत मला चोर म्हंतासा?" त्यानं उपरणं झटकलं. "सायेब, फाडा त्यो कागद! मोडली अदलाबदल! माझं शेत मला, तुमचं दगूड तुम्हास्नी. परत दारात येऊ नका शेत मागाय!"

दारात कसला तरी आवाज झाला. अक्का मटकन खाली बसलेली. पेढ्यांचा पुडा फरशीवर. ती रडत नव्हती, नुसती त्या पुड्याकडं बघत होती. इकडं दाजींना घाम फुटला. "अरं, बॉक्साइट म्हंजे किती मिळतंय? मिळतंय का न्हाय? का शेत पण गेलं आणि..." मी म्हटलं, दाजी, धीर धरा, पण माझाच धीर सुटायला लागला होता. खाण नाही निघाली तर? शेत तर माझ्या एका वाक्यानं गेलं होतं.

इराण्णा निघाला होता. दारापर्यंत गेला, आणि माणूस म्हटला की खाज असतेच, परत फिरला. "बघू तरी काय कागूद हाय ते."

कागद घेऊन तो खिडकीच्या उजेडात उभा राहिला. बराच वेळ बघितलं. मग एकदम गंभीर आवाजात मला विचारलं, "पावणं, हे देऊळ कसलं हाय नकाशात?"

"म्हसोबा. सड्यावरचा."

"आणि बॉक्साइटची रेघोट्या मारल्याली जागा म्हसोबाच्या कुठल्या अंगाला हाय?"

मी बघितलं. "उगवतीला."

"तुमच्या दाजीचा सडा म्हसोबाच्या कुठल्या अंगाला हाय?"

दाजींचा सडा मावळतीला. मला पाणी पाहिजे होतं.

"आणि हितं काय लिवलंय? वाचा की मोठ्यांदा. तुम्ही वाचता म्हनं सगळं."

"स... सर्वे नंबर ८७."

"सर्वे नंबर!" इराण्णानं कागदावर टिचकी मारली. "ह्यो अव्हाल हाय एकत्रीकरणाच्या आदूगरचा! तवा सर्वे नंबर हुतं. मग सरकारनं तुकडं जोडलं आणि समद्यांस्नी नवं गट नंबर दिलं. गावातल्या शेंबड्या पोरास्नी ठावं हाय! गट सत्त्याऐंशी दाजीचा. सर्वे सत्त्याऐंशी कुणाचा?"

"कुणाचा?" दाजींनी, साहेबांनी आणि खिडकीतल्या माणसांनी एकदमच विचारलं.

"ह्यांच्या आज्ज्याचा!" त्यानं माझ्याकडं बोट केलं. "खरेदीच्या टायमाला मी जुना उतारा काढलाय न्हवं, पाठ हाय मला. म्हसोबाच्या उगवतीचा सडा. ह्यांच्या वाटणीला आल्याला. दोन वर्सांमागं ह्यांनी मला इकल्याला!"

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरायला लागला आणि तो नकाशा उडून माझ्याच तोंडावर येऊन बसला.

पहिल्यांदा कोण हसलं सांगू? साहेब. मग दाजी. दाजी असे हसले की इराण्णानं सवयीनं त्यांची पाठ धरली, तब्येतीची काळजी! खिडकीतली माणसं तर एकमेकांच्या अंगावर पडत होती. आणि इराण्णाला हळूहळू उमजायला लागलं की आपण भांडता भांडता काय बोलून गेलो. बॉक्साइट त्याच्याच सड्याखाली! त्याचा राग कुठल्या कुठं पळाला. मिशीतनं हसू फुटलं.

"लिवा वो सायेब, अदलाबदल लिवा!" त्यानं टेबलावर थाप मारली. "वयनी, उठा. शेत तुमचंच. असल्या शुभ दिवशी कुणाला न्हाय म्हणू?"

अक्का उठली. पदरानं डोळे पुसले, पुडा उचलला, झटकला, आणि पहिला पेढा मला भरवला. "तम्मा, तुझ्या पायगुणानं झालं बघ!" तिला खरंच तसं वाटत होतं. मी साक्षीदार म्हणून सही केली. पेढा तोंडात तसाच. सही माझी मलाच ओळखू आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, चहा आला बघा.

दिवाळीच्या सुमाराला दुकानात गर्दी होती. एकदम घमघमाट सुटला. वर बघतो तर इराण्णा, खांद्यावर पोतं. "वयनीनं पाठवलाय. नवा घनसाळ. म्हणाल्या, पैला तम्माला द्या." खरं सांगतो, त्या वासानं माझे डोळे भरून आले. गिऱ्हाईक म्हणालं, तांदळाला कशाला रडतासा?

मग इराण्णानं पिशवीतनं एक कागद काढला. तोच नकाशा, कचेरीतनं रीतसर शिक्का मारून आणलेला. "ह्याच्या प्रती काढा."

"खाण सुरू झाली?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"कसली खाण! अजून कुदळ पडली न्हाय. पर आमच्या पोरासाठी मुली बघाय लागलोय. बायोडेटाला एकेक जोडतोय. मुलीकडचं विचारतात जमीन किती, मी नकाशाच म्होरं टाकतो. सरकारी अव्हालात जमीन असल्यालं स्थळ हाय म्हणावं! काळं येऊ देऊ नका, म्हसोबाच्या उगवतीला आपला सडा उठून दिसला पायजे."

आपला! आपला म्हणाला बघा!

मी कागद काचेवर ठेवला, सरळ केला. प्रती एकामागनं एक बाहेर पडायला लागल्या, स्वच्छ, ठसठशीत. इराण्णा खुशीत बघत राहिला. मग मशीनच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "लई झ्याक मशीन हाय की, पावणं! कसं काय जमवलासा?"

म्हटलं, "तुमचाच सडा इकून."